उलटा धरलेला त्रिकोण

“पण या रिकाम्या खोलीत बसून तुम्ही करता तरी काय, आपा?”

वासंतीने हे विचारलं तेव्हा बालवाडी सुटून गेली होती. पोरं घरी पोचली होती, पाण्याचं पिंप उपडं करून ठेवलं होतं, आणि हलीमाआपा पलीकडच्या खोलीत बसक्या स्टुलावर एकट्याच बसल्या होत्या.

त्यांच्यासमोर जमिनीवर खराट्याच्या काड्या आणि चिखलाचे गोळे पडले होते. कुणा पोराने काड्या गोळ्यांत टोचून काहीतरी उभं करायला घेतलं होतं, ते तसंच राहिलं होतं. गोळे वाळून दगड झाले होते.

आपांनी काठीच्या टोकाने एक गोळा उलटा केला.

“प्रणिता येत नाही. तिची पोरं माझ्याकडे बसतात. इथं आता कुणीच नाही.”

“हं.”

“मग?”

“या खोलीत मला काही कळायचं नाही,” आपा म्हणाल्या. “म्हणून यायचे. सवय लागली.”

“आणि माझ्या वर्गात?”

“तुझ्या वर्गात मला सगळं कळतं.”

वासंतीला आधी बरं वाटलं. घराच्या अर्ध्या वाटेवर पोचल्यावर मात्र बरं वाटेनासं झालं.

हलीमाआपांची बालवाडी मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या, मधे लाकडी फळ्यांची भिंत, पुढे अंगण. शेजारच्या गच्चीवर सतारींसाठी वाळत घातलेले भोपळे अंगणातून दिसत. आपांनी ही बालवाडी ऐन तरुणपणी सुरू केली, आणि आता गल्लीतल्या निम्म्या आईबापांनी शाळेतलं पहिलं रडू तिथंच रडलेलं होतं.

वासंती तिथं आली ती बालशिक्षणाचा कोर्स करून, त्यात पहिला नंबर काढून. आपल्याला सगळं येतं अशा तोऱ्यात आली. आपांनी तिला पहिली गोष्ट शिकवली ती पोराशी बोलताना खाली बसायची. वाकायचं नाही, बसायचं.

वासंती बसायला शिकली. ‘मॅडम’ सोडून ‘आपा’ म्हणायला मात्र तिला कितीतरी वर्षं लागली. आपांना टायफॉइड झाला तेव्हा तिने त्यांना पेज भरवली, त्यांचे केस विंचरून दिले. आपांचे गुडघे गेले तेव्हा त्यांचा बाजारहाट तिने अंगावर घेतला.

आपांनंतर बालवाडी कोण बघणार, असं कुणी विचारलं की वासंती प्रश्न ऐकलाच नाही असं दाखवून खाली बघायची. उत्तर तिला ठाऊक होतं.

मग प्रणिता आली.

तीही शिकून आलेली, पण वेंधळी. ओढणीला पीठ, केसांत खडूची भुकटी. आणि पहिल्याच दिवशी, उंबऱ्यावर उभी राहून, “आपा, चप्पल कुठं काढू?”

पहिल्याच दिवशी आपा.

वासंतीच्या मनात ते कुसळासारखं रुतलं.

आकार शिकवायचे दिवस आले, तसं ते कुसळ आत आत जायला लागलं. वासंतीने मेहनतीने कार्डं केली होती. जाड पुठ्ठा, त्यावर मखमली कागद. लाल गोल, निळा चौकोन, पिवळा त्रिकोण. पोरांनी ओळीने यायचं, कडेवरून बोट फिरवायचं, नाव म्हणायचं, जागेवर जाऊन बसायचं. लाकडी ठोकळेही होते. खेळून झाले की ते पुसून, मोजून कपाटात जात.

तिच्या वर्गात कुणी भांडत नसे. मखमलीवरून बोट फिरवताना पोरांचे डोळे लकाकत. ती चांगलीच बाई होती, यात काही खोटं नाही.

फळ्यांच्या पलीकडे वेगळंच चालायचं. प्रणिताची पोरं कणकेच्या पोळ्या लाटायची आणि पट्टीने कापायची. काड्या आणि चिखलाची घरं बांधायची, ती कोसळायची, मग पुन्हा बांधायची. अंगणात प्रणिताने चुन्याने मोठमोठे आकार आखले होते. रेघेवरून चालायचं, कोपरा आला की टाळी वाजवायची आणि वळायचं, असा खेळ.

एकदा निलोफर नावाची बारकीशी मुलगी गोलावरून चालायला लागली. टाळीसाठी दोन्ही हात आधीच उचललेले. चालली, चालली, चालतच राहिली. कोपरा काही येईना. शेवटी ती थांबली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “बाई, टाळी कधी?”

पलीकडच्या खोलीच्या दारात बसलेल्या आपा हसल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

वासंतीने ते हसू फळ्यांच्या फटीतून ऐकलं. आपल्या वर्गात आपा असं कधी हसल्या होत्या, ते तिला आठवेना.

त्या दिवसापासून तिच्या मनाचा चाळा सुरू झाला. आपा आज कुठं बसल्या. चहाचा पहिला कप कुणाच्या हातात दिला. प्रणिताला नुसतं नावाने हाक मारली, की ‘पोरी’ म्हणाल्या. पोरी तर त्या वासंतीला म्हणायच्या.

रोज सकाळी आपा काठी टेकत यायच्या, वासंतीच्या दारात थांबायच्या. ओळीत बसलेली पोरं बघायच्या, समाधानाने मान हलवायच्या... आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसायच्या.

ते मान हलवणं वासंतीला थपडेसारखं लागायचं.

पालकसभा घेण्याची कल्पना तिचीच. “दोन्ही वर्गांची पोरं एकत्र बसवू. काय शिकली ते आईवडिलांना दिसू दे,” ती म्हणाली.

“छान होईल, ताई,” प्रणिता म्हणाली. तिने मागचापुढचा विचार केला नाही.

सभेच्या दिवशी कार्डं वासंतीच्या हातात होती. तिने पिवळं कार्ड वर धरलं. तिच्या वर्गाने एका सुरात सांगितलं, “त्रिकोण.”

तेच कार्ड तिने प्रणिताच्या पोरांपुढे धरलं.

“समोसा,” एकजण म्हणाला.

“समोसा,” बाकीची म्हणाली.

मग लाल कार्ड.

“बिनटाळीचा,” निलोफर म्हणाली.

आईबाप हसले. ते हसणं आधी साधं होतं, मग तसं राहिलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “इतके दिवस हेच शिकवलंय होय?” निलोफरच्या आईने तिला जवळ ओढलं आणि दंडाला चिमटा काढला. निलोफर रडली नाही. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

प्रणिता भिंतीशी उभी होती. ती कार्डांकडे बघत नव्हती, वासंतीकडे बघत होती.

वासंतीने नजर चुकवली आणि निळं कार्ड वर केलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रणिता आली नाही. बरं नाही, असा निरोप आला. आपांनी निरोप ऐकून घेतला. त्या रागावल्या असत्या तर वासंतीकडे उत्तरं तयार होती. त्या रागावल्याच नाहीत. रोजच्यासारख्या आल्या, वासंतीच्या दारात थांबल्या, मान हलवली आणि पलीकडच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसल्या.

तेव्हा कुठं वासंतीने तो प्रश्न विचारला होता. आणि घरी जाताना ‘तुझ्या वर्गात मला सगळं कळतं’ हे वाक्य तिच्या पायात घोटाळत राहिलं होतं.

सकाळी ती आपांच्या वाटेत उभी राहिली.

“आज माझ्याकडे बसा, आपा.”

“बसते.”

इतकं सोपं होतं. हे आपण आधीच का म्हटलं नाही, याचं वासंतीला नवल वाटलं. तिने धावत जाऊन पलीकडचं स्टूल आणलं, पदराने पुसलं, मधोमध ठेवलं. पोरं ओळीत बसली. तिची पुढे, प्रणिताची मागे. निलोफर अगदी शेवटी, भिंतीला चिकटून. सभेनंतर ती वर्गात तोंड उघडत नव्हती.

वासंतीने पिवळं कार्ड वर धरलं.

“त्रिकोण,” पोरं म्हणाली. आवाज असा खणखणीत, की वासंतीचा ऊर भरून आला. तिने आपांकडे बघितलं.

आपांनी हात पुढे केला. वासंतीने कार्ड दिलं.

आपांनी ते फिरवलं. टोक खाली, सपाट बाजू वर. आणि तसंच पोरांपुढे धरलं.

वर्ग गप्प झाला.

“सांगा की,” वासंती म्हणाली. “श्रेयस, तू सांग.”

श्रेयस तिच्या वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा. त्याने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला.

“आपांनी चुकीचं धरलंय,” तो म्हणाला.

“असू दे. पण आहे काय ते?”

“ते... काहीच नाही.”

“अरे, त्रिकोणच ना तो?”

“त्रिकोणाचं टोक वर असतं, बाई,” श्रेयसने तिला समजावून सांगितलं. “तुम्हीच तर दाखवता.”

आपांनी कार्ड तिरकं केलं. एका मुलीने भीत भीत “चौकोन?” असं विचारून बघितलं आणि वासंतीच्या तोंडाकडे पाहून जीभ चावली.

वासंतीच्या कानशिलांत ऊन भरल्यासारखं झालं.

मग भिंतीपासून आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा.

“समोसाच आहे. झोपलाय.”

निलोफर उठली. कुणी बोलावलं नव्हतं. ओळींमधून वाट काढत ती आपांपाशी आली. तिने कार्डाच्या एका कोपऱ्याला बोट लावलं आणि हळूच टाळी वाजवली. दुसऱ्या कोपऱ्याला बोट लावलं, टाळी वाजवली. तिसऱ्याला लावलं, टाळी वाजवली. मग तिने वासंतीकडे बघितलं.

आणि पटकन हाताने स्वतःचा दंड झाकला.

आपांनी कार्ड वासंतीला परत दिलं. देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

बालवाडी सुटली. शेवटचं पोर गेलं. वासंती कार्डं हातात घेऊन तशीच उभी होती.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“माझ्या पोरांना येत नाही ते.”

“नाही,” आपा म्हणाल्या. “तुझ्या वर्गात मी असं काही कधी करूनच बघितलं नव्हतं. इतकं नीट असतं सगळं, हात लावावासाच वाटत नाही.”

वासंतीने कार्डं खाली ठेवली.

“मला मात्र माहीत होतं,” ती म्हणाली. “सभेच्या दिवशी. तिच्या पोरांना नावं येत नाहीत, हे मी आधीच ऐकलेलं होतं. फळ्यांतून सगळं ऐकू येतं. ती पोरं काय म्हणतील आणि आईबाप कसे हसतील, सगळं मला माहीत होतं.”

आपांनी खाली ठेवलेल्या कार्डांकडे बघितलं.

“काहीतरी बोला ना, आपा.”

“तुम्ही तिथं बसायचात.” वासंतीला स्वतःचाच आवाज हट्ट करणाऱ्या पोरासारखा वाटला, पण आता तो थांबेना. “मी तुमचं काय केलं नाही? माझ्या वर्गात काय कमी होतं?”

“काहीच कमी नव्हतं.”

“मग?”

“म्हणून तर.”

वासंती खाली बसली आणि रडली. आपांनी तिला रडू दिलं. पाठीवर हात फिरवला नाही, उगी म्हणाल्या नाहीत. रडून झाल्यावर म्हणाल्या, “तिला घेऊन ये.”

“ती यायची नाही. काय सांगू मी तिला?”

“सांगू नकोस. विचार.”

“काय विचारू?”

आपांनी काठी शोधली, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि घरी निघाल्या.

प्रणिता स्टेशनच्या पलीकडे राहायची. वाटेत वासंतीने वाक्यं जुळवली. चांगली, नम्र वाक्यं. त्यांत तिचीही थोडी बाजू येईल अशी.

दार प्रणितानेच उघडलं. या म्हणाली नाही. दार धरून उभी राहिली.

“बरी आहेस?” वासंतीने विचारलं.

“मला काही झालेलंच नाही, ताई.”

मागे घरात कुकरची शिट्टी झाली. प्रणिता हलली नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं ना?” ती म्हणाली. “पोरांना नावं येत नाहीत ते?”

“होतं.”

प्रणिताने मान हलवली. “मला वाटत होतं, मीच तुमच्याबद्दल वाईट विचार करतेय. घरात बसून तेच तेच. मग स्वतःलाच म्हणायची, ताई असं कशाला करतील.”

तिने चार शब्द सुनावले असते तर ते ऐकून घेणं सोपं गेलं असतं. वासंतीने जुळवलेली वाक्यं शोधली. एकही सापडलं नाही.

“कोपऱ्यावर टाळी का वाजवायला लावतेस?” तिने विचारलं.

प्रणिताच्या कपाळावर आठी आली. ही आपली थट्टा करतेय का, हे ती वासंतीच्या तोंडावर शोधत राहिली. थट्टा सापडली नाही, तेव्हा म्हणाली, “त्यात काही नाही, ताई. एक पोरगा चालताना वळायचाच नाही. सरळ रेघेबाहेर निघून जायचा. त्याला म्हटलं, टोकाला टाळी वाजव. तर थांबायला लागला. मग सगळ्यांनाच वाजवायची होती.”

“आणि नावं?”

“नावं सांगायला हवी होती. सांगू, सांगू म्हणत राहून गेलं. मला कुठलीच गोष्ट तडीला न्यायला जमत नाही.” तिने दाराची कडी चाळवली. “तुमच्या पोरांचा तो सूर यायचा पलीकडून. सगळी एकदम. मी हातातलं काम थांबवून ऐकायची. आपली पोरं अशी कधी बोलणार, असं वाटून जीव खाली-वर व्हायचा.”

“तूही ऐकायचीस?”

“फळ्यांतून सगळं ऐकू येतं की.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हसू कुणालाच आलं नाही.

“चहा टाकते,” प्रणिता म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

सोमवारी ती आली. त्याच दिवशी पोरं सुटायच्या वेळी वासंतीने निलोफरच्या आईला फाटकाशी गाठलं. इतर आया उभ्या होत्या, त्यांच्यादेखत म्हणाली, “त्या दिवशी चूक माझी होती. निलोफरला येत होतं. मी विचारलं चुकीचं.”

निलोफरच्या आईने कडेवरचं बाळ सावरलं. “असू दे हो, बाई,” म्हणाली आणि चालायला लागली. निलोफर तिचा हात धरून गेली. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

पुढे दोघींनी मिळून एक पद्धत बसवली. सकाळी दोन्ही वर्गांची पोरं अंगणात चुन्यावरून चालायची, काड्यांची घरं बांधायची. मग वासंतीच्या खोलीत येऊन बसायची, आणि ती कार्डं धरायची. सरळ, उलटी, आडवी, तिरकी. पोरं नावं सांगायची. हळूहळू तो सूर पुन्हा एक व्हायला लागला. श्रेयसला काही दिवस ते पटत नव्हतं. मग एकदा तो स्वतःच जमिनीवर डोकं टेकवून, पायांमधून कार्डाकडे बघत, “त्रिकोण झोपलाय,” असं ओरडला.

कार्डांची मखमल कडेने निघायला लागली. निळ्या चौकोनाला कणीक लागली, ती घासूनही गेली नाही. वासंतीला ते आवडलं नाही, पण ती काही बोलली नाही.

अंगणातला खेळ चालू असला की आपा काठी टेकत यायच्या. आणि अजूनही, पाय दुखले की, प्रणिताच्याच खोलीत जाऊन बसायच्या.

एका सकाळी वासंती लवकर आली. आपा तिच्याही आधी येऊन बसल्या होत्या, त्याच स्टुलावर, त्याच खोलीत. प्रणिता अजून आली नव्हती.

“आपा.”

“बोल.”

“मी तिला घेऊन आले.”

“हो.”

“निलोफरच्या आईशी बोलले. सगळ्यांसमोर.”

“ऐकलं मी.”

“प्रणिताशी आता माझं चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. काल तिने मला घरून शेंगदाण्याची चटणी आणली.” वासंती थांबली. “तरी तुम्ही इकडं वळलात की जळतं. आधी जळायचं तेवढंच.”

आपांनी तिच्याकडे बघितलं.

“मला वाटलं होतं, माफी मागितली की जाईल.”

“हे कधी जाणार, आपा?”

फाटक करकरलं. अंगणात चपला वाजल्या. कुणीतरी कुणाला ढकललं, कुणीतरी हसलं, कुणीतरी आईच्या नावाने भोकाड पसरलं.

“पोरं आली,” आपा म्हणाल्या. “दार उघड.”